आशाताईंनी 63व्या वर्षी घेतलेला टर्न

मी नाशिकहून बोलतेय. मागे टपटप आवाज येत असेल तर तो पाऊस आहे, सांभाळून घ्या. इंदिरानगरच्या आमच्या घरावर पत्र्याची शेड आहे आणि मी तिच्याच खालच्या खोलीत, भिंतीला गादी टेकवून रेकॉर्ड करते. कोणी विचारलं तर स्टुडिओ म्हणायचं.

नेहमी ऐकणाऱ्यांना माहितीये, मी एका ऑर्केस्ट्रात गाते. सात वर्षं झाली. रिसेप्शन, साठी-शांती, गणपती, कोजागिरी, सगळीकडे. आणि मी गाते मुख्यतः आशा भोसलेंची गाणी. नाव विसरलं तरी लोक विचारतात, "ती आशा म्हणणारी मुलगी येणारे का?" त्यावर माझं घर चालतं, त्यामुळे तक्रार नाही.

पण गेल्या वर्षभरात मी माझी स्वतःची तीन मराठी गाणी केली. एक यूट्यूबवर टाकलं. 412 व्ह्यूज. त्यातले निदान चाळीस आईचे असतील. मागच्या महिन्यात एका रिसेप्शनला मी हळूच आमच्या ऑर्केस्ट्रावाल्या दादांना विचारलं, "दादा, जेवणाच्या वेळेला माझं एक गाणं घेऊ?" दादा वाईट नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, लोकांनी सुपारी आशाची दिलीये. तुझं गाणं चांगलं असेल, पण ते मागितलंय कोणी?"

मला राग आला. घरी आले, चिडचिड केली आणि मग एक विचार आला. ज्या बाईच्या नावाखाली मला एका जागी बसवून ठेवलंय, ती बाई स्वतः कधी एका जागी बसली होती का? म्हणून आजचा भाग आशाताईंच्या एका टर्नवर. साल 1996-97. योगायोग म्हणजे माझा जन्मही 96चाच.

आधी थोडं मागे जाऊ, नाहीतर या टर्नची किंमत कळणार नाही. सांगलीत 1933 साली जन्मलेल्या आशाताईंचं पहिलं सिनेमागीत 1943चं, 'माझं बाळ' या मराठी चित्रपटातलं. म्हणजे दहाव्या वर्षी. पुढची बरीच वर्षं मोठ्या बहिणीच्या सावलीत, मिळतील ती गाणी. मग ओ. पी. नय्यर, 1957चा 'नया दौर', आणि नाव झालं. 1966 ला 'तीसरी मंझिल' आला. तरुण आर. डी. बर्मननी पाश्चात्त्य ढंगाची चाल समोर ठेवली तेव्हा त्या घाबरल्या होत्या म्हणतात. मग आव्हान म्हणून घेतलं आणि दहा दिवस रियाज केला, असा किस्सा सांगितला जातो. जी बाई आज आपल्याला 'वेस्टर्न' गाण्यांची राणी वाटते, तिलाही ते आपोआप आलेलं नव्हतं. हे मी आमच्या ग्रुपमधल्या नवीन मुलींना सांगते. त्या ऐकत नाहीत, ते सोडा.

1981 ला 'उमराव जान'. इथे उलटा टर्न. कॅबरेवाली म्हणून ठसा बसलेल्या आवाजाला खय्याम साहेबांनी गझल दिली, आणि पट्टी नेहमीपेक्षा खाली ठेवली. आपला आवाज असाही लागतो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं. त्या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पट्टीची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता अल्बम आणि त्यांची विक्री. इथे मला माझ्या मामाला आणावं लागेल.

मामाचं रविवार कारंजाजवळ कॅसेटचं दुकान होतं. आता तिथेच तो मोबाईलचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास विकतो. तुमच्यापैकी कित्येकांनी कॅसेट हातातही घेतली नसेल, म्हणून सांगते. तेव्हा दुकानात दोन धंदे चालायचे. एक, कंपनीच्या छापील कॅसेट विकणं. दुसरा, गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी आणून द्यायचं आणि दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. म्हणजे तुमची प्लेलिस्टच, फक्त दोन दिवसांनी मिळणारी. मामा म्हणतो, त्या याद्यांत आशाताई असायच्याच. पण त्या कॅसेटचा हिशोब कुठल्याच विक्रीच्या आकड्यात नाही. कंपनीला त्यातला पैसा नाही, गायिकेलाही नाही. म्हणून जुन्या अल्बमचे 'इतके लाख खपले' वगैरे आकडे कोणी छातीठोकपणे सांगितले की मामा नुसता हसतो. कंपनी बऱ्याचदा मोजायची ते दुकानात पाठवलेला माल. दुकानातून घरी किती गेला, परत किती आला, आणि शेजारच्या गल्लीत नकली किती विकला, ते वेगळंच.

मामाची एक आठवण फार बोलकी आहे. 1987 मध्ये, 8 सप्टेंबरला, म्हणजे आशाताईंच्या वाढदिवशी, 'दिल पडोसी है' नावाचा अल्बम आला. गुलजार, आर. डी. आणि आशाताई. एक नाही, दोन कॅसेटचा संच. आणि त्यात सिनेमाचं एकही गाणं नाही! ना हिरो, ना पोस्टर. मामाच्या काउंटरवर लोक तो उचलायचे, उलटून मागची यादी बघायचे आणि विचारायचे, "पिक्चर कोणता?" पिक्चर नाही म्हटलं की परत ठेवायचे. दोन कॅसेटचे पैसे द्यायचे आणि पिक्चरही नाही? मामाने तीन संच आणले होते. एक विकला गेला, एक कोणाला तरी लग्नात भेट दिला आणि तिसरा आजही आमच्या घरी आहे. मी गाणं शिकले ते त्या तिसऱ्या संचावर. न खपलेल्या मालावर, खरं तर. आज तो अल्बम लोक डोक्यावर घेतात, पण काउंटरला ते कधी कळलं नाही.

4 जानेवारी 1994 ला आर. डी. गेले. आशाताईंचा नवरा आणि त्यांच्या कितीतरी गाण्यांचा संगीतकार. आता विचार करा, इथे एखादी गायिका काय करेल? वय साठीच्या पुढे, नाव अजरामर. पुरस्कार इतके की 1979 नंतर फिल्मफेअरला त्यांनीच सांगितलं होतं, आता माझं नाव नामांकनात घेऊ नका. सत्कार घेत, जुनी गाणी त्याच पद्धतीने गात राहिल्या असत्या तर कोणी एक शब्द बोललं नसतं. आमच्या दादांनी तर तेच सुचवलं असतं.

1995 ला 'रंगीला' आला, ए. आर. रहमानबरोबर. उर्मिला मातोंडकर पडद्यावर, आणि आवाज बासष्टीला टेकलेल्या बाईचा. चाललं, आणि जोरात चाललं. पण तो सिनेमा होता. सिनेमा पडला तर गायिकेला कोणी विचारत नाही.

पुढची उडी स्वतःच्या नावावर होती. 1996 ला 'राहुल अँड आय'. आर. डीं.ची जुनी गाणी, नवी वाद्यं, नवे बीट्स, सोबत लेस्ली लुईस. हो, हरिहरनबरोबर 'कलोनियल कझिन्स' करणारे तेच. आणि 1997 ला 'जानम समझा करो', हा तर सरळ पॉप अल्बम. तेव्हा इंडीपॉपची लाट होती. 95 ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' गाजलं होतं आणि चॅनेलवर दिवसभर विशी-पंचविशीतली पोरं-पोरी नाचत होती. त्या रांगेत आजी होण्याच्या वयाच्या आशाताई जाऊन उभ्या राहिल्या.

यात धोका कोणाला होता, हे मला नीट बघावंसं वाटतं. कंपनीचा धोका पैशाचा. एक अल्बम पडला तर दुसऱ्यावर भरून काढता येतो. लेस्ली लुईसना एक फसलेला प्रयोग परवडला असता. आशाताईंचा धोका वेगळा होता. रिमिक्स हा शब्द तेव्हा आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. माझी आत्या, जिच्याकडे मी पहिली सरगम शिकले, तिने 'राहुल अँड आय' ऐकून टेप बंद केला होता. तिचं म्हणणं होतं, माणूस जाऊन जेमतेम दोन वर्षं होतात न होतात तोवर त्याच्या गाण्यांवर ढोलकी मशीन लावायचं? आणि ते लावणारी त्याचीच बायको? आत्याचं दुःख खोटं नव्हतं. जुनं गाणं तिच्यासाठी देवघरातल्या वस्तूसारखं होतं.

मला आत्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. आर. डी. स्वतः काय करायचे? बाटलीत फुंकून आवाज काढायचे, कंगवा वाजवायचे. त्या माणसाची गाणी काचेच्या कपाटात ठेवणं त्याला आवडलं असतं का? पण हेही कबूल करते, त्या रिमिक्समधलं सगळं मला आवडत नाही. काही ठिकाणी बीट इतका पुढे आलाय की आवाज मागे उभा राहून वाट बघतोय असं वाटतं. जोखीम घेतली म्हणून प्रत्येक गोष्ट चांगली झाली, असं नसतं.

आता ती गोष्ट, जी वाचून मी अक्षरशः फोन खाली ठेवला. त्याच सुमारास, 1996 मध्ये, आशाताईंचा आणखी एक अल्बम आला. 'लेगसी'. उस्ताद अली अकबर खान यांच्याबरोबर. सरोदिये, मैहर घराण्याचे, कॅलिफोर्नियात शिकवायचे. 16व्या ते 18व्या शतकातलं संगीत, अकरा बंदिशी. साठी ओलांडलेली, हजारो गाणी गायलेली बाई उस्तादांसमोर बसून त्या शिकली आणि मग रेकॉर्ड केल्या. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

म्हणजे एका हाताने ड्रम मशीन, दुसऱ्या हाताने तानसेनाच्या परंपरेची बंदिश. एकाच काळात. आत्याला 'लेगसी' माहीतच नव्हता! आमच्या मामाच्या दुकानात तो आलाच नव्हता बहुतेक. शिव्या घालायला जो अल्बम लागतो तो सगळीकडे पोहोचतो, आणि दुसरा पोहोचत नाही. वितरण, मंडळी. यूट्यूबच्या अल्गोरिदमला आपण उगाच एकट्याला दोष देतो.

मी आजवर समजत होते की दिशा बदलणं म्हणजे जुनं घर सोडून निघणं. आशाताईंनी कुठलंच घर सोडलेलं दिसत नाही. पॉप करताना बंदिशी चालू, बंदिशी करताना सिनेमा चालू, स्टेजवर जुनी गाणी चालूच. म्हणूनच पॉप अल्बम पडला असता तरी त्या रस्त्यावर आल्या नसत्या. त्यांच्या धाडसाखाली पन्नास वर्षांचं काम होतं. माझ्या धाडसाखाली सात वर्षांच्या सुपाऱ्या आहेत. फरक आहे, आणि तो नाकारून 'फॉलो युवर पॅशन' छाप बोलणं मला जमणार नाही. महिन्याचा हप्ता माझ्या पॅशनला ओळखत नाही.

एक गमतीशीर गोष्ट आकड्यांची. इंग्लंडमध्ये कॉर्नरशॉप नावाचा बँड आहे, त्यांनी 1997 मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं काढलं. आशाताईंवरच. पहिल्यांदा आलं तेव्हा तिकडच्या चार्टवर साठावा नंबर. मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचं रिमिक्स केलं आणि फेब्रुवारी 1998 मध्ये तेच गाणं एक नंबरला. गाणं तेच, शब्द तेच, बीट बदलला. इकडे आशाताईंना रिमिक्ससाठी बोलणी बसत होती, तिकडे त्यांच्या नावाचं गाणं रिमिक्समुळेच विक्रीच्या यादीत पहिलं.

आणि त्या तिथेही थांबल्या नाहीत. 2005 ला क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य चौकडीबरोबर आर. डीं.ची गाणी नव्याने केली, पुन्हा ग्रॅमी नामांकन. 2006 ला ब्रेट लीबरोबर गाणं. होय, बॉलर ब्रेट ली. 2025 ला गोरिलाज बँडने 'द माउंटन' हा अल्बम जाहीर केला, त्याच्या पाहुण्यांच्या यादीतही आशा भोसले हे नाव आहे. वय मोजा तुम्हीच.

परवा पंचवटीत गेले होते, काट्या मारुतीच्या बाजूला थोडं काम होतं. येताना विष्णू दिगंबर पलुस्कर आठवले. शेवटची काही वर्षं ते नाशिकला पंचवटीत राहिले. दरबारातलं गाणं त्यांनी तिकीट लावून सामान्य लोकांसमोर आणलं, 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात घालवून बसले. नाशिककरांनो, आपल्या गावाला हे नवीन नाही, एवढंच म्हणायचं होतं.

तर माझं काय? मी दादांकडे परत गेले. भांडले नाही. म्हटलं, "दादा, आशाची चौदा गाणी आहेत यादीत. मी सोळा म्हणते. मध्ये माझं एक." दादांनी दोन मिनिटं चहा ढवळला. मग म्हणाले, "एकच. आणि लोक ताटाकडे वळले तर कडव्यानंतर कट, पुढचं लगेच चालू." ठरलं. येत्या रविवारी, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, इंटरव्हलनंतर तिसरं.

काल तालीम झाली. आमचा कीबोर्डवाला म्हणाला, "ताई, तू हे आशाच्या पट्टीत गातेयस, सवयीने. तुझं गाणं आहे ना, जरा खाली घे." काळी चारवरून पांढरी पाचला आणलं. ऑक्टोपॅडवाल्याने मान वर करून बघितलं. मला स्वतःलाच माझा आवाज थोडा अनोळखी वाटला. आज संध्याकाळी परत तालीम आहे, त्यामुळे इथेच थांबते. पत्र्यावरचा पाऊसही आता कमी झालाय.