सोन्याचे कण आणि प्लेगचे जंतू



रोगजंतू ओळखण्याच्या एका नव्या तंत्राविषयी आज बोलावयाचे आहे. पण आरंभ आम्ही जुन्या गोष्टीने करणार आहोत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोगी तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे, असे निर्भयपणे सांगितले. पुढच्या वर्षी पुण्यात काय घडले, ते ह्या सभेला सांगावयास नको. सोजीर घरात शिरले, झडत्या झाल्या, स्त्रीपुरुषांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या. १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

त्या अंमलदारांच्या उद्दामपणाचे समर्थन कोण करील? परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. रोगी कोण आणि निरोगी कोण, हे चटकन ओळखण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. ज्याला रोगी ओळखता येत नाही, तो सर्वांनाच संशयित ठरवितो. म्हणून निदान हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हे. तो माणसाच्या अब्रूचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, येर्सिनने १८९४ मध्येच हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता ना? होय, शोधला होता. पण गाठीतला द्रव काढावयाचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, जंतू वाढवून खात्री करावयाची, ह्याला प्रयोगशाळा हवी, जाणती नजर हवी आणि काही दिवस हवेत. खेड्यातल्या रोग्याला तेवढी सवड नसते. फुप्फुसाच्या प्लेगात तर चोवीस तासांच्या आत औषध सुरू झाले नाही, तर रोगी वाचण्याची आशा फार थोडी.

येथे नॅनोतंत्र कामास येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. प्लेगचा जंतू एकदोन हजार नॅनोमीटर लांब असतो आणि ह्या तंत्रात वापरतात ते सोन्याचे कण काही दशक नॅनोमीटरांचे. जंतू माणसाएवढा मानला, तर कण लहानशा लिंबाएवढा! एवढे बारीक झालेले सोने पाण्यात तरंगू लागले की पिवळे राहत नाही. पाणी कुंकवासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये ह्या लाल रंगाचा अभ्यास करून तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे सांगितले होते.

आता ह्या कणांवर प्रतिपिंडे चिकटवितात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक कुलपालाच लागणारी किल्ली. येथले कुलूप म्हणजे प्लेगजंतूच्या आवरणातले ‘एफ-वन’ नावाचे प्रथिन. गाठीतला द्रव पातळ करून त्यात कागदासारखी पट्टी बुडविली, की वातीत तेल चढावे तसा तो पट्टीत चढतो आणि सोन्याचे कण बरोबर घेऊन जातो. वाटेत एका रेषेवर त्याच कुलपाला लागणारी किल्ली पक्की बसविलेली असते. द्रवात एफ-वन असेल, तर सोने तेथे अडकते. एक कण डोळ्यांना दिसत नाही. असंख्य जमले की लाल रेघ उमटते. पुढची दुसरी रेघ पट्टी चांगली असल्याची खूण देते. करोनाच्या काळात आपण घरोघर ज्या पट्ट्या पाहिल्या, त्यांचे तत्त्व हेच होते.

हे काम कोठे झाले? मादागास्कर बेटावर. मुंबई-पुण्याला ग्रासणाऱ्या त्याच महासाथीत १८९८ साली प्लेग जहाजांतून तेथे पोचला आणि अजून गेलेला नाही. तेथल्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या पट्टीचा वृत्तांत २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर पंधरा मिनिटांत मिळते आणि एका मिलीलिटरमध्ये अर्धा नॅनोग्रॅम एफ-वन असले तरी ते कळते. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. आडगावच्या दवाखान्यातला सेवकही ती वापरू शकतो.

तथापि, पट्टीला देवत्व देऊ नये. २०१७ मध्ये मादागास्करात मोठी साथ आली. दोन हजारांहून अधिक संशयित रोगी, दोनशेहून अधिक मृत्यू! पुढे छाननीत असे दिसले, की फुप्फुसाच्या प्लेगचे म्हणून नोंदलेल्या संशयितांपैकी फारच थोड्यांत तो निश्चित सिद्ध झाला. गाठीतल्या द्रवावर पट्टी चांगली चालते; बेडक्यावर मात्र एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही. एफ-वन नसलेले जंतू तिला दिसत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल, हेही ती सांगत नाही. तेव्हा प्रयोगशाळेची जोड हवीच.

आमचे म्हणणे एवढेच, की पंधरा मिनिटांत मिळालेले खरे उत्तर रोग्याला औषध देते आणि शेजाऱ्याला संशयातून सोडविते. पण तपासणाऱ्या हाताला सभ्यता कोणतीही पट्टी शिकवीत नाही. ती आपल्यालाच शिकावी लागेल. पुण्याने १८९७ मध्ये तिच्या अभावाची किंमत मोजली आहे. पुन्हा मोजण्याची पाळी कोणावरही न येवो.