आजी होणार? आधी महिने मोजा!

सूरजागड भागातल्या महिला बचत गटांची मी समन्वयक. एरवी मी बचतीचं आणि कर्जाच्या हप्त्याचं बोलते. आज आमच्या एका बैठकीत काय झालं ते सांगते. ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच सांगते.

जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा झाली, त्यानंतरची ही बैठक. आशाताई आल्या आणि आमच्या गटाच्या सचिवबाईंना म्हणाल्या, "बाई, तोंड गोड करा. तुम्ही आजी होणार!" सगळ्या हसल्या. सचिवबाई अजून चाळिशीच्या आतल्या. मला वाटलं, लाजतील. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि हळूच म्हणाल्या, "श्रावणात येते."

अठरा वर्षांपूर्वी त्यांचं दुसरं बाळंतपण असंच भर पावसात आलं होतं. नाल्याला पूर होता. घरच्यांनी खाटेवर घालून काठापर्यंत नेलं, पण पाणी उतरेपर्यंत रात्र गेली. त्या वाचल्या, बाळ वाचलं नाही. त्या दिवशी गटात पहिल्यांदा त्या हे बोलल्या.

आशाताईंनी त्यांना माहेरघराची माहिती दिली. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ ही सोय असते. दिवस भरायच्या आधीच तिथे जाऊन राहायचं. सोबत घरचं माणूस राहू शकतं. म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडायची वेळच येत नाही.

सचिवबाई म्हणाल्या, "सुनेसोबत मी गेले तर रोवणी कोण करेल?" खरंच आहे. श्रावणात धानाची बांधी कुणासाठी थांबत नाही. तेव्हा गटातली एक बाई म्हणाली, "आम्ही दहा जणी एक दिवस येऊ." ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. कर्जाशिवायचा तो आमचा पहिला ठराव.

मैत्रिणींनो, आपल्याकडे सून कधी तपासणीला जाणार, बाळंतपण कुठे होणार, हे बहुतेक वेळा सासू ठरवते. म्हणून आजी होणार हे कळलं की पहिली जबाबदारी आपली. बारा आठवड्यांच्या आत सुनेची नोंदणी करा. रक्त तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेल आहे, तेव्हा सुनेसोबत मुलाचीही तपासणी करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोष एकट्या सुनेचा कधीच नसतो.

बाळ आल्यावर पहिला चीक पाजा. गुळाचं पाणी, मध काही नको. लगेच आंघोळ घालू नका, कोरडं पुसून आईच्या अंगाशी उबेत ठेवा. आशाताई घरी बाळ बघायला येतात, त्यांना दार उघडा. ही रीत बाहेरून आलेली नाही. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. बायका आपल्यासारख्याच होत्या.

आता पाऊस जवळ आलाय. परवा सचिवबाईंच्या घरी गेले तर त्या जुनी सुती लुगडी धुऊन, फाडून दुपटी करत होत्या. सून पिशवी भरत होती. मी विचारलं, "भीती गेली का?" म्हणाल्या, "भीती आहे. पण या वेळी पावसाच्या आधी निघणार."

तुमच्याही घरात अशी गोड बातमी असेल तर आज रात्री बोटांवर महिने मोजा. पावसात येत असतील तर उद्याच आशाताईंना भेटा. आणि तुमच्या गटातली कुणी आजी होणार असेल तर तिची रोवणी कोण करणार, हे आधी ठरवा.