उघडे ते बेवारस नव्हे



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील कातळसडा उन्हाळ्यात ओसाड भासतो. परंतु पावसाळ्यात त्यावर रानफुले डवरतात, त्यात मुरलेले पाणी खालच्या विहिरींना लाभते, आणि त्याच जांभ्यावर प्राचीन मानवाने चित्रे कोरलेली आहेत. कशेळी, उक्षी, बारसू आदी ठिकाणची ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू होताच ग्रामस्थांनी विरोध केला. प्रकल्पाविषयी आपल्यात मतभेद असतील. गावास आधी विचारावे, याविषयी दुमत नसावे.

जो न्याय सड्यास, तोच माणसास. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तथापि ज्ञातिसंस्थांच्या वधूवरसूचींत मुलींच्या जन्मतिथी, पत्ते आणि वेतनही छापले जाते. पूर्वी अशी पुस्तिका ज्ञातीतल्या घरांतच फिरे. आज तिचे पान मोबाइलवरून क्षणात अनोळखी हाती पडते. हेतू शुद्ध असला, तरी तो संमतीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून आम्ही इतकेच सुचवितो, की पुढील सूचीत ज्याचे त्यास विचारल्यावाचून एकही ओळ छापू नये. आणि मुलीच्या बाबतीत केवळ वडिलांस नव्हे, तर तिला स्वतःला विचारावे. कोकणातल्या घराचे दार दिवसभर उघडे असते, तरी पाहुणा न विचारता ओटीवरून माजघरात शिरत नाही. ही जुनी रीत आपण नव्या काळातही पाळावी, अशी आमची नम्र विनंती आहे.