वाळूचा परवाना आणि नदीचा हिशेब

वाळूघाटाचा लिलाव झाला म्हणजे सगळ्या परवानग्या मिळाल्या, असं नसतं. २००६ च्या अधिसूचनेत पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नव्हती. मग काय, मोठ्या घाटाचे तुकडे पाडायचे! २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही पळवाट बंद केली.

आता खरा प्रश्न जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा. पुरानं किती वाळू परत येते हे मोजूनच किती उपसायची ते ठरायला हवं. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरींचं पाणी खोल जातं. म्हणून ग्रामसभेत घाटाचा ठराव आला की एवढंच विचारा: ‘यंदा वाळू किती आली, मोजलंय का?’