गायकाचा निकाल कोणी द्यायचा?

(काशीगाव येथील विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज धम्मावर बोला म्हणून सांगितलेले नाही. तो अधिकार भन्तेजींचा आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला गिरणी कामगार. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. मला समितीने एक साधाच प्रश्न दिला आहे. जयंतीला आपल्याकडे भीमगीतांची स्पर्धा होते. आपल्या तरुण मुलांची सूचना अशी, की यंदा परीक्षक नकोत. प्रत्येक गायकाचे गाणे मोबाईलवर टाकू, ज्याला जास्त मते तो पहिला. लोकशाही आहे, लोकांनीच ठरवू द्या.

बोलायला सोपे वाटते. पण ज्या समाजाचा इतिहास आधी गाण्यात लिहिला गेला आणि नंतर पुस्तकात, त्या समाजात गायक कोणी ठरवायचा, हा लहान प्रश्न नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर ही नावे कुठल्या मतदानातून आली नाहीत. रात्र रात्र जागून लोकांनी ती उचलून धरली. म्हणून लोकांचा कौल मी कमी लेखत नाही. मुद्दा एवढाच, की कौल घ्यायचा तर तो कसा घ्यायचा.

आधी जुन्या सामन्याची गोष्ट घेऊ. चाळीच्या मैदानात दोन कव्वाल पार्ट्या समोरासमोर बसत. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. निकाल टाळीवर, 'वन्समोअर'वर आणि बक्षिसीवर. त्यात एक मोठा गुण होता. जो टाळी देत होता त्याने दोन्ही पार्ट्या ऐकलेल्या असत, एकाच रात्री आणि एकाच मांडवात. पण दोषही होता, तो झाकून चालणार नाही. ज्याच्या खिशात नोट होती त्याचे नाव माईकवरून पुकारले जाई आणि त्याच्या आवडीचे गाणे पुन्हा होई. आपल्या गल्लीची पार्टी म्हणून शिट्ट्या मारणारेही असत. बायका मागे बसत, मूल झोपले की उठून जात. त्यांची टाळी मोजली कोणी? म्हणजे लोकांचा कौल म्हटला तरी तो सगळ्या लोकांचा नव्हता.

पुढे रेडिओ आला. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. गाण्यांचा क्रम रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांचा कौल पाहून लागत असे. फर्माईशीच्या त्या काळात झुमरीतलैया हे नाव देशभर झाले. आजच्या झारखंडातले, अभ्रकाच्या खाणींचे एक लहानसे गाव. तिथले काही हौशी लोक इतकी पत्रे पाठवत, की ऐकणाऱ्याला वाटावे सगळा हिंदुस्थान तिथेच राहतो. त्यात लबाडी नव्हती, हौस होती. पण आपण शिकायचे ते हे, की पत्रांचा ढीग मोठा म्हणजे माणसे जास्त, असे नसते. दहा माणसे रोज लिहू शकतात आणि हजार माणसांकडे पोस्टकार्डाला पैसे नसू शकतात.

मग टीव्ही आला आणि हातात मोबाईल आला. २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले आणि २००५ च्या मार्च महिन्यात मुंबईचा अभिजीत सावंत एसएमएसच्या मतांवर पहिला आला. आपल्याला आनंद झाला, मराठी पोरगा म्हणून. २००७ ची तिसरी फेरी मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. अंतिम सामन्यात एका बाजूला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई. दुसऱ्या बाजूला शिलाँगचा अमित पॉल. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढल्या, एसएमएस पाठवण्यासाठी माणसे बसवली. शिलाँगमध्ये वर्षानुवर्षे तेढ असलेले आदिवासी आणि बिगर आदिवासी एका पोरासाठी एक झाले. तमांग जिंकला. त्याच्या मागे लोक उभे करण्यात पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला.

आता सांगा, ती गाण्याची परीक्षा होती काय? ज्या गोरखा माणसाला देशभर पहारेकरी म्हणूनच ओळखतात, त्याने 'आम्हीही आहोत' असे सांगितले. त्याचे दुःख खरे होते आणि ते मला परके वाटत नाही. पण दोघांत सूर कोणाचा पक्का, हे त्या मतांतून कळले नाही. कोणाच्या मागे संघटना मोठी, हे कळले. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्या एक नाहीत. एकीचे नाव दुसरीला दिले, की अन्याय सुरू होतो.

आपल्या मराठीतले उदाहरण घ्या. 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'. २००९ च्या फेब्रुवारीत अंतिम फेरी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. कार्तिकी पहिली आली. घराघरात भांडणे झाली, हिला का आणि तिला का नाही. बारा वर्षांनी, २०२१ साली त्याच कार्यक्रमात ही पाचही मुले परीक्षक म्हणून एकाच रांगेत बसली. एका रात्रीच्या मतांनी पहिला आणि पाचवा ठरवला होता. काळाने पाचही जणांना एका बाकावर बसवले. यात कार्तिकीला कमीपणा नाही, ती गुणी आहेच. मी सांगतो ते मोजमापाबद्दल.

अशा मतदानात गोम कुठे असते ते आता नीट पाहू.

पहिली गोष्ट, एका माणसाला किती मते? आपल्या घटनेत एक माणूस, एक मत. टाटा असो की नाक्यावर उभा राहणारा मजूर असो. एसएमएसमध्ये ज्याच्याकडे जितका पैसा तितकी मते. तिथे मताला मूल्य नसते, किंमत असते.

दुसरी गोष्ट, पैसा कोणाकडे जातो? 'कौन बनेगा करोडपती'च्या वेळी २००७ मध्ये प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. हिशेब करा, १३ कोटी ९२ लाख रुपये होतात. बक्षीस लोकांच्याच पैशातून दिले काय, असा प्रश्न घेऊन ग्राहक संघटना राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेली. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाईल कंपनी यांना १ कोटीचा दंड सांगितला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून तो आदेश रद्द केला. कोर्टाचा निकाल आपण मानतो. पण आकडा आपल्या डोळ्यासमोर राहू द्या. लोकांचा उत्साह हाही एक माल आहे.

तिसरी गोष्ट, मत देणाऱ्याने सगळ्यांना ऐकले काय? मोबाईलवर भाचीच्या गाण्याची लिंक येते. मामा अंगठा दाबतो आणि पुढच्या दहा ग्रुपवर टाकतो. बाकीचे सहा गायक कसे गायले, त्याला पत्ता नाही. हा निकाल नव्हे, ही नातेवाइकांची मोजदाद झाली.

चौथी गोष्ट, मोजले कोणी आणि कोणासमोर? या बाबतीत आम्हा गिरणी कामगारांना कोणी शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा मी शाळकरी पोर होतो, माझे वडील संपात होते. पगारवाढ ही मागणी होतीच. पण मूळ राग १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर होता. त्या कायद्याने कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एका मान्यताप्राप्त युनियनला मिळे आणि ती मान्यता ठरे सभासदांच्या नोंदीवर, कामगारांच्या गुप्त मतदानावर नाही. नोंदीतला आकडा एक सांगत होता आणि गेटबाहेरची गर्दी दुसरेच सांगत होती. ज्याच्या हातात मोजणी, त्याच्या हातात निकाल, हे आमच्या बापजाद्यांनी उपाशी राहून शिकलेले आहे.

कोणी म्हणेल, तुम्हाला मतदानच नको आहे. तसे नाही. २०१२ साली गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय कोण, यासाठी देशात कौल घेतला. आपल्या वस्त्यांमधून मिस्ड कॉल गेले, तरुणांनी रात्री जागवल्या. बाबासाहेब पहिले आले. आपण पेढे वाटले. मग ते मतदान चांगले आणि बाकीचे वाईट काय? माझे म्हणणे, नियम आपल्या सोयीने बदलायचा नाही. त्या कौलात नुसते फोन मोजले नव्हते. लोकांची मते, परीक्षकांचे मत आणि स्वतंत्र पाहणी, अशा तीन चाळण्या होत्या. म्हणून त्या निकालाला वजन आले. आणि खरे सांगायचे तर बाबासाहेबांचे मोठेपण फोनच्या आकड्यावर उभे नाही. उद्या एखाद्या कौलात ते दुसरे आले म्हणून घटनेचे एक कलमही लहान होत नाही.

परीक्षक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे असतात, असे आपली पोरे विचारतात. रास्त प्रश्न आहे. 'जाणकार' म्हणवणाऱ्यांनी आपल्या गाण्याला आरडाओरडा म्हणून नाक मुरडलेले आपण पाहिले आहे. हलगीला साथ म्हणायचे नाही आणि खड्या आवाजाला गळा म्हणायचा नाही, ही त्यांची फूटपट्टी. म्हणून सगळी किल्ली परीक्षकांच्या हाती द्या, असेही मी म्हणत नाही. दोन्हीकडे माणसे आहेत आणि माणसात पक्षपात असतो. तो आवरायला रीत लागते.

ती रीत आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी आठवण दिली, की भिक्खू संघात ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान, मतमोजणी यांचे नियम होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ते सापडतात. मत देण्यासाठी शलाका, म्हणजे काड्या वाटत. गुप्त मतदान असेल तर वेगवेगळ्या मतासाठी वेगवेगळ्या रंगाच्या काड्या असत. आणि काड्या गोळा करणारा कसा हवा? जो आवडीने वाकत नाही, द्वेषाने वाकत नाही, मोहाने वाकत नाही, भीतीने वाकत नाही आणि कोणती काडी घेतली, कोणती नाही, हे ज्याला नीट कळते असा. बंधूंनो, मोजणाऱ्याचे असे पाच गुण तेव्हा लिहून ठेवले होते! गट करून घेतलेले आणि स्वतःच्या मताविरुद्ध दिलेले मतदानही तिथे अधर्माचे ठरवले आहे.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावले, की राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे नेते. मला वाटते हे गाण्यालाही लागू आहे. गायकावर प्रेम करा. पण 'आमचा भाऊ' म्हणून डोळे मिटून मत दिले, तर त्या भावाचेही नुकसान आहे. त्याचा सूर कुठे घसरतो, हे त्याला कधीच कळणार नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. गाणी विहाराच्या अंगणात, सगळ्यांसमोर व्हावीत. गायकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरावा. सात गायक असतील तर सात रंगांचे कागद करा. ज्या आजीला वाचता येत नाही तिलाही रंग कळतो. पहिल्या गाण्याआधी आत बसलेल्या प्रत्येकाला सातही कागद द्या, उशिरा येणाऱ्याला नाही. शेवटचे गाणे झाल्यावर प्रत्येकाने एकच कागद पेटीत टाकावा, बाकीचे परत करावे. लेकुरवाळ्या बायकांसाठी कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करा, मध्यरात्री नको. पेटी सर्वांसमोर उघडा, प्रत्येकाची मते मोठ्याने वाचा. गायकांचे नातेवाईक मोजणीला नकोत. स्पर्धा चालू असताना स्टेजवर बक्षिसी नको. ज्याला द्यायची त्याने समितीच्या पेटीत टाकावी आणि ती सर्व गायकांत सारखी वाटावी. तीन परीक्षक ठेवा, त्यांचे गुण फळ्यावर लिहा. आणि बक्षिसे दोन द्या. एक 'लोकांचा आवडता गायक', दुसरे 'उत्तम गायन'. दोन्ही एकालाच मिळाली तर आनंदच आहे. नाही मिळाली तरी कोणाचा अपमान नाही.

मोबाईलवर गाणी जरूर टाका. पनवेलच्या, परभणीच्या माणसाने ऐकावी, दाद द्यावी. ती दाद आहे. तिला निकाल म्हणू नका.

हा खटाटोप कशासाठी? समजा, नाक्यावर मजुरी करणाऱ्या बाईची मुलगी गायला उभी राहिली. तिच्या घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. तिच्यामागे ग्रुप नाही, पुढारी नाही, गल्ली नाही. आहे तो फक्त गळा. आपल्या रीतीत त्या पोरीला जागा असेल, तर ती रीत न्यायाची. नसेल, तर मते लाखभर पडली तरी तिला मी लोकशाही म्हणणार नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!