भावाची हद्द



एकाच वस्तूचे दोन गावांत दोन भाव असतात, हे परभणीकराला समजावून सांगावं लागत नाही. पेट्रोलनं ते आपल्याला पुरतं शिकवलं आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे पेट्रोलनं नव्वदी ओलांडली आणि मे २०२१ मध्ये शंभरी. दोन्ही वेळा टीव्हीच्या बातम्यांत परभणीचं नाव झळकलं. एरवी ते कोण घेतं म्हणा. कारण साधं आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघालेला टँकर तीनशेहून अधिक किलोमीटर चालून आपल्या पंपावर येतो. सरकारच्या करावर ते भाडंही आपल्याच खिशातून जातं. राग येतो, पण हिशेब कळतो.

पण ज्या वस्तूला वजनच नाही, जी टँकरनं, ट्रकनं किंवा पोस्टानं येत नाही, तिचे भाव गावोगाव वेगळे का असावेत? हा प्रश्न माझ्यासमोर भाच्यानं आणला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरवर खेळ खेळतो. एकदा म्हणाला, "मामू, येच गेम टर्कीमें कितनी सस्ती मिलती थी, मालूम?" मला तुर्कस्तान म्हटलं की कविता आठवतात, त्याला भाव आठवतात. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तो समजून घ्यायला बसलो, तर माझ्या आजोबांच्या काळापर्यंत जाऊन पोचलो.

आधी आजचं सांगतो. कॉम्प्युटरवरचे खेळ आता बहुतेक दुकानातून आणले जात नाहीत, इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात. त्यातलं सगळ्यात मोठं दुकान 'स्टीम' नावाचं आहे, अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं, २००३ साली सुरू झालेलं. नोव्हेंबर २०१५ पर्यंत तिथं भारतीय गिऱ्हाइकाला डॉलरमध्येच भाव दिसायचा. त्यानंतर रुपयात दिसू लागला आणि पुष्कळ खेळांचा भाव नुसता डॉलरला रुपयानं गुणून आलेला नव्हता, त्याहून बराच कमी होता. एक उदाहरण देतो. 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा खेळ आहे, एरिक बॅरोन या एकाच माणसानं बनवून २०१६ मध्ये बाजारात आणलेला. आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेत त्याची किंमत पंधरा डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानं हजाराच्या बरीच वर. भारतात तोच खेळ पाचशेच्या आत. (हा खेळ मी भाच्याच्या शेजारी बसून पाहिला. आजोबांची पडीक जमीन नातवाच्या वाट्याला येते, तो पेरतो, काढतो, माल एका पेटीत टाकतो आणि सकाळी ठरलेले पैसे हातात पडतात. ना अडत, ना हमाली, ना तोलाई, ना सोयाबीनचा भाव दिवाळीला कोसळणं. इतकी अद्भुतरम्य गोष्ट मी परीकथेतही वाचली नाही.)

हे स्वस्त देणं दानधर्म नव्हे. असा खेळ बनवायला काही वर्षं आणि बक्कळ पैसा लागतो. पण एकदा बनला की त्याची पुढची प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून विकणारा एवढंच पाहतो की कोणत्या देशातल्या पोराच्या खिशातून किती निघू शकेल. न्यूयॉर्कमध्ये पंधरा डॉलर निघतील, परभणीत तेवढे मागितले तर एकही निघणार नाही. पाचशे मागितले तर निघतील. पण हा उद्योग टिकवायचा तर एक कुंपण लागतं. न्यूयॉर्कच्या पोरानं परभणीच्या भावात खरेदी करता कामा नये.

कुंपण आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन भाव हा विषय आपल्या भागाला नवा नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यात व्यवहार करायचे. त्यांच्या हातात हाली सिक्का असायचा आणि उत्तरेला वऱ्हाडात, इंग्रजी अंमलात, कलदार चालायचा. सात हाली रुपये दिले की साधारण सहा कलदार मिळत. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. हद्दीवरच्या माणसाला आपला रुपया पलीकडे किती आण्यांचा होतो, हे पाढ्यांसारखं पाठ असायचं. आजोबा गेले तरी 'कलदार' हा शब्द आमच्या घरात राहिला. खात्रीच्या माणसाला आजही आमच्याकडे 'कलदार आदमी' म्हणतात.

त्याहून जवळची आठवण कापसाची. ती माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिली. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालायचा, दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. मानवत, सेलू, परभणी या आपल्या कापसाच्या बाजारपेठा. तिथं गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि चुकारे मात्र हप्त्याहप्त्यानं मिळायचे. ज्या वर्षी पलीकडे आंध्रात भाव चढा असे, त्या वर्षी रात्रीच्या गाड्या किनवटच्या बाजूनं आदिलाबादकडे निघत. स्वतःच्या रानातला कापूस आणि स्वतःच चोर! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं या झोनबंदीविरुद्ध जे रान उठवलं, ते याच संतापावर. त्या वेळी कॉलेजात असलेल्या आम्हा पोरांना त्यात गैर काही वाटत नव्हतं, मला आजही वाटत नाही. माल ज्याचा, त्याला चांगला भाव शोधत जाण्याचा हक्क आहे.

पण या योजनेची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पुढे काही वर्षी उलटं झालं. सरकारी भाव बाहेरच्या बाजारापेक्षा वर राहिला. मग शेजारच्या राज्यांतला कापूस रातोरात महाराष्ट्रात शिरू लागला, इथल्याच शेतकऱ्यांच्या नावावर केंद्रावर चढू लागला. योजना आमच्या शेतकऱ्यासाठी होती, फायदा लुटला भलत्यांनीच. तोटा वाढत गेला आणि दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत ती मक्तेदारी संपली.

तुर्कस्तानात आणि अर्जेंटिनात खेळांच्या बाबतीत हुबेहूब हे घडलं. दोन्ही देशांत महागाईनं चलनाची माती झाली होती. लिरा आणि पेसो रोज घसरत होते, पण स्टीमवरचे त्या चलनातले भाव त्या वेगानं बदलत नव्हते. मग जगभरची पोरं, त्यात युरोप-अमेरिकेतली सुखवस्तू पोरंही, आपण इस्तंबूलला किंवा ब्युनोस आयर्सला राहतो असं भासवून तिथल्या भावात खेळ घेऊ लागली. त्यासाठी इंटरनेटवर आपला पत्ता लपवणारी 'व्हीपीएन' नावाची सोय वापरली जायची. कंपनीनं २०२१ मध्ये देश बदलण्यावर तीन महिन्यांची मर्यादा घातली, त्या देशातलंच बँक कार्ड मागितलं. पण जुगाडाला जुगाड निघतच राहिला. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हनं त्या दोन्ही देशांतले स्थानिक चलनातले भावच बंद केले आणि डॉलर लावला. त्या भागासाठी डॉलरचा वेगळा, थोडा उतरता दर ठेवला खरा, पण कितीतरी खेळांच्या किमती एका रात्रीत अनेक पट झाल्या. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काय गेलं? तो दुसरा देश शोधायला मोकळा. ज्याला तिथंच राहायचं होतं, तिथल्याच पगारात जगायचं होतं, त्या पोराच्या तोंडचा घास गेला.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लेकिन मामू, कपास के टाइम तो तुम लोगां भी हद्द पार करने के ही तरफ थे." खरं आहे. पण फरक मला असा दिसतो: कापसाचं कुंपण पिकवणाऱ्याला आत डांबून त्याचा भाव पाडत होतं. खेळाचं कुंपण धनवान गिऱ्हाइकाला बाहेर ठेवून आमच्या पोराचा भाव खाली धरतं. कुंपण तेच, पण ते कुणाला अडवतं हे पाहूनच त्याच्याशी भांडायचं की नाही ते ठरवावं. आणि भारत आज या कुंपणाच्या स्वस्त बाजूला आहे, हे विसरून चालणार नाही. उद्या परदेशी पोरांनी भारताचा भाव लुटायला सुरुवात केली, तर तुर्कस्तानावर आलेली पाळी आपल्यावर यायला वेळ लागणार नाही. तोटा एकट्या परदेशी कंपन्यांचाही नाही. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची मंडळी आहेत. त्यांनी 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ २०२० मध्ये जगाच्या बाजारात आणला. परदेशी गिऱ्हाइकानं तो डॉलरऐवजी भारतीय भावात घेतला, तर नुकसान पुण्याचंच.

कायद्याचंही याबाबत एकमत नाही. युरोपियन कमिशननं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशक कंपन्यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. कारण काय, तर पूर्व युरोपातल्या देशांत विकलेले स्वस्त खेळ त्यांनी पश्चिमेकडच्या देशांत चालू होऊ दिले नाहीत. युरोप ही एकच बाजारपेठ, तिथं आत कुंपण नको, हे त्यांचं म्हणणं. अमेरिकेत पुस्तकांवरून असाच खटला झाला. थायलंडच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या देशातली स्वस्त आवृत्तीची पाठ्यपुस्तकं अमेरिकेत मागवून विकली. प्रकाशकानं दावा लावला, पण २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल विद्यार्थ्याच्या बाजूनं दिला. एकदा पुस्तक विकत घेतलं की ते पुढं विकायला मालक मोकळा. आमच्या पिढीला ही स्वस्त आवृत्ती चांगली परिचयाची. बी.ए.ला असताना आम्ही हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं धुंडाळायचो. तिथं 'ईएलबीएस' छापाची, ब्रिटिश सरकारच्या मदतीनं स्वस्त केलेली इंग्रजी पुस्तकं मिळायची. माझा इंग्रजी शब्दकोश त्यातलाच. ती आवृत्ती मोजक्याच देशांत विकायची परवानगी होती. त्या कुंपणाबद्दल मी कृतज्ञच आहे.

आता, स्वस्त घ्यायचंच असेल तर सरळ वाटाही पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात जूनअखेरीस आणि डिसेंबरात मोठे सेल लागतात, वर्ष-दोन वर्षं जुने खेळ निम्म्या किमतीत येतात. घाई नसेल त्यानं थांबावं. आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, स्टीमवर पैसे परत मागता येतात. एपिक नावाचं दुसरं दुकान आठवड्याला एखादा खेळ फुकट देतं. २०२४ पासून एका घरातली सहा माणसं आपापले खेळ एकमेकांना वापरायला देऊ शकतात. आडवाटेनं विकल्या जाणाऱ्या 'की' मात्र टाळाव्यात. चोरीच्या कार्डावर घेतलेल्या कितीतरी की बाजारात फिरतात आणि पुढे रद्द होतात. भाच्यानं अशाच एका ठिकाणी घेतलेला खेळ महिन्याभरात त्याच्या खात्यातून नाहीसा झाला, आणि विकणाऱ्यानं पुन्हा उत्तर दिलं नाही.

सगळेच विक्रेते आपला खिसा पाहतात, असंही नाही. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, आणि त्यावरचे सोनीचे मोठे नवे खेळ ४,९९९ रुपयांना. अमेरिकेत तेच खेळ सत्तर डॉलरला, म्हणजे इथं सूट जवळजवळ नाहीच. मग गल्लीतली पोरं आपला मार्ग काढतात. चौघं मिळून वर्गणी काढतात, डिस्क घेतात, आळीपाळीनं खेळतात आणि संपली की दुकानदाराला परत विकतात. उतरवून घेतलेल्या खेळाचं असं करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच सांगतं की तुम्ही खेळ नव्हे, तो वापरायचा परवाना घेताय. डिस्कची खाच नसलेला प्लेस्टेशन दहा हजारांनी स्वस्त होता. आमच्या गल्लीत मात्र हिशेब मांडून खाचवालाच घेतला गेला, आणि त्याच्या पहिल्या डिस्कच्या कव्हरवर चारही वर्गणीदारांची नावं बॉलपेननं लिहिलेली आहेत.