निवासी डॉक्टरांची चोरटी रात्रपाळी
(चिखलोली येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपली मुले डॉक्टर होतात याचा अभिमान आपण दरवर्षी येथे व्यक्त करतो. आज थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एम. डी. करणारा आपल्यातील एक विद्यार्थी सुट्टीच्या रात्री बदलापूर रस्त्यावरील एका खाजगी इस्पितळात पाळी करतो, असे आमच्या कानी आले. आम्ही त्यास रागे भरण्याच्या तयारीनेच गेलो. तो इतकेच म्हणाला, “काका, मंडळाच्या कर्जाचा हप्ता कोठून भरू?” आम्ही निरुत्तर झालो.

ही विद्याशाखा आपल्या देशात तशी नवी. वैद्यक परिषदेने तिला २००९ साली मान्यता दिली. अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, कारखान्यात भाजलेला कामगार, या साऱ्यांची पहिली घटका ह्याच डॉक्टरांच्या हाती. साहजिकच रात्रीसाठी असा मुलगा खाजगी इस्पितळांस हवा असतो. परंतु तीन वर्षांच्या शिक्षणात विद्यार्थी हा पूर्णवेळ निवासी डॉक्टर, असा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचा २०२३ चा नियम आहे. आठवड्याची एक सुट्टीही त्यातच आहे, ती विश्रांतीसाठी. अमेरिकेत वरच्या वर्षांतील निवासी डॉक्टरांस असे जादा काम परवानगीने करता येते. मात्र पहिल्या वर्षी मुळीच नाही, आणि ते तास आठवड्याच्या सरासरी ८० तासांच्या मर्यादेतच मोजतात. आपल्याकडे ते चोरून होते. चोरीच्या पाळीत चूक झाली तर शिक्षक पाठीशी नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन केलेली रुग्णसेवा ग्राहक कायद्याखाली आली आहे, हेही त्या मुलाच्या मनात नव्हते.

अनुभव हवा तर जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सेवा अभ्यासक्रमातच आहे. पैसा हवा तर प्रवेशापूर्वी वर्षभर वैद्यकीय अधिकाऱ्याची नोकरी करावी. पण विद्यावेतनातून धाकट्या बहिणीची फी भरणाऱ्यास हे सांगणे आम्हांस तरी जड गेले.

एम. बी. बी. एस. होताच हप्ता सुरू, हा आपल्या मंडळाचा नियम. तो करणाऱ्यांत आम्हीही होतो. पदवी म्हणजे शिक्षणाचा शेवट, अशी तेव्हा आमची समजूत. तो हप्ता एम. डी. पूर्ण होईपर्यंत थांबवावा, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. अंबरनाथेस २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे; अर्ज वाढतीलच. कोषाध्यक्षांच्या कपाळावरील आठी आम्हांस येथून दिसते आहे. प्रथम त्यांचेच म्हणणे ऐकावे.